थ्री-नॉट-थ्रीची धास्ती घालवायला पॉइंट टू-टू

एनसीसीच्या दुसऱ्या वर्षी कॅम्पात पहिल्यांदा थ्री-नॉट-थ्री (.303 इंच नळीची जुनी लष्करी) रायफल माझ्या हातात आली. त्याआधी वर्षभर आम्ही पॉइंट टू-टू (.22 इंच नळीची, कमी धक्क्याची रायफल) चालवत होतो आणि त्यावर माझा ग्रुप, म्हणजे टार्गेटवरच्या भोकांचा पुंजका, बरा यायचा. 25 यार्डांवर पाचही गोळ्या एका काडेपेटीखाली झाकल्या जायच्या. त्यामुळे मोठी रायफल मिळाली तेव्हा छाती फुगली होती. 100 यार्डांवर पाच गोळ्या मारल्या. टार्गेटवर दोनच भोकं, तीही खालच्या कडेला. बाकीच्या तीन गोळ्यांनी टार्गेटच्या खालची माती उडवली होती. संध्याकाळी अंघोळ करताना पाहिलं, उजवा खांदा वांग्यासारखा झाला होता.

दुसऱ्या दिवशी उस्तादांनी (एनसीसीत पलटणीतून आलेल्या शिक्षकांना आम्ही उस्तादच म्हणायचो) माझ्या शेजारी बसून स्वतःच्या हातानं रायफल भरून दिली. पहिली गोळी सुटली. दुसऱ्या वेळी मी माशी (नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण) टार्गेटच्या खालच्या कडेला लावली, श्वास रोखला, ट्रिगर दाबला आणि नुसतंच ‘टक्’ झालं. आवाज नाही, धूर नाही, धक्का नाही. त्यांनी मला न सांगता दारू नसलेलं ड्रिल काडतूस भरलं होतं. पण नळीचं तोंड चांगलं चार बोटं खाली गेलं होतं, माझे डोळे घट्ट मिटले होते आणि खांदा पुढे रेटला गेला होता. रायफलीनं काहीच केलं नव्हतं. जे झालं ते सगळं मी केलं होतं.

कमी धक्क्याच्या रायफलीवर सराव का करायचा, याचं उत्तर त्या एका ‘टक्’मध्ये आहे. ते नीट उलगडून सांगतो, कारण मोठी रायफल चालवायची म्हणजे मोठ्या रायफलीवरच घासत बसायचं, असा समज फार पक्का आहे. त्यापायी कितीतरी चांगली पोरं ‘मला नेम जमत नाही’ म्हणून कायमची मागे हटलेली मी पाहिली आहेत.

आधी धक्का म्हणजे काय ते पाहू. गोळी पुढे जाते तितक्याच नेटानं रायफल मागे येते. नावेतून काठावर उडी मारली की नाव मागे सरकते, तसंच हे. थ्री-नॉट-थ्रीच्या जुन्या मार्क 7 काडतुसातली गोळी साधारण 11.3 ग्रॅमची. ती सेकंदाला सुमारे 744 मीटर वेगानं बाहेर पडते. तिच्या मागून दारूचा वायू त्याहून जास्त वेगानं उसळतो, त्याचाही रेटा त्यात मिळतो. रायफल आहे जवळपास 4 किलोची. गणित मांडलं तर ती सेकंदाला पावणेतीन मीटरच्या आसपास वेगानं खांद्याकडे निघते. म्हणजे 4 किलोचा लाकूड-लोखंडाचा ऐवज, हळू पळणाऱ्या माणसाच्या वेगानं तुमच्या खांद्यावर येतो. खांद्याच्या खळग्यात बट (रायफलीचा खांद्याला टेकणारा मागचा भाग) घट्ट बसलेली असेल तर तो नुसता रेटा वाटतो. बट आणि खांदा यांत बोटभर फट राहिली की त्याचा ठोसा होतो. माझ्या खांद्याचं वांगं त्या फटीमुळेच झालं होतं.

आता पॉइंट टू-टू पाहा. गोळी 2.6 ग्रॅमची, वेग सेकंदाला सुमारे 330 मीटर, दारू चिमूटभर. तेवढ्याच वजनाच्या रायफलीतून ती मारली तर रायफल मागे येते सेकंदाला पाव मीटरनं. अर्धवट उघडं दार हळूच लोटावं तसं. वेगातला फरक अकरा-बारा पटींचा, पण ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते. त्यामुळे खांद्याला सोसावी लागणारी ऊर्जा शंभरपटीहूनही जास्त घटते. एअर रायफलीचा छर्रा तर अर्ध्या ग्रॅमचा असतो. तिथं धक्का शोधावाच लागतो.

खरी गंमत पुढे आहे. थ्री-नॉट-थ्रीची गोळी नळीतून बाहेर पडायला फक्त दीड-दोन मिलिसेकंद घेते. तेवढ्या वेळात रायफल मागे सरकते जेमतेम दोन मिलिमीटर. ज्याला आपण धक्का म्हणतो तो खांद्याला जाणवतो तेव्हा गोळी केव्हाच नळीबाहेर गेलेली असते. माणसाला आवाज ऐकून किंवा ढोसणी लागून नुसतं दचकायलाही त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. म्हणजे खांद्याला बसलेल्या दणक्यानं दचकून गोळी खाली गेली, हे शक्यच नाही. दचकायला उशीर झालेला असतो. (त्या दोन मिलिमीटरांत नळी किंचित हलते हे खरं, पण रायफल दर वेळी सारखीच धरली तर ती दर वेळी सारखीच हलते, आणि साइट (नेम धरायच्या खुणा) लावताना तो हिशोब आपोआप धरला जातो.)

मग गोळी खाली का जाते? कारण शरीर धक्क्याची वाट पाहत नाही, त्याच्या आधीच हलतं. दिवाळीत सुतळी बॉम्ब पेटवताना वात धरायच्या आधीच डोळे बारीक होतात आणि मान मागे जाते. इंजेक्शनची सुई टेकायच्या आधीच दंड आवळला जातो. तसंच इथं. दोन-चार वेळा ट्रिगरपाठोपाठ दणका बसला की शरीर त्या दोघांची गाठ मारून टाकतं. पुढच्या वेळी बोट ट्रिगरवर आवळायला लागलं की खांदा आपसूक पुढे येतो, डोळे मिटतात आणि पंजा सगळा एकदम आवळला जातो. इंग्रजीत याला फ्लिंच म्हणतात आणि रेंजवर तोच शब्द चालतो.

हे हलणं किती असतं? डोळ्याला जवळजवळ न दिसण्याएवढं. पण त्या रायफलीच्या मागच्या साइटपासून पुढच्या माशीपर्यंतचं अंतर अर्ध्या मीटरच्या आसपास आहे. माशी मागच्या साइटच्या मानानं एक मिलिमीटर खाली गेली तर 100 यार्डांवर गोळी जवळपास वीतभर खाली लागते. एक मिलिमीटर म्हणजे गव्हाच्या दाण्याच्या जाडीपेक्षाही कमी.

इथं बहुतेक जण शिकणाऱ्याला ‘घाबरू नको’, ‘हिंमत धर’ असं सांगतात. त्याचा उपयोग होत नाही, कारण हे हिंमतीचं प्रकरणच नाही. मी काही घाबरून रायफल धरली नव्हती, उलट मला फार हौस होती. शरीरानं आपली परवानगी न घेता शिकलेली गोष्ट शरीरालाच विसरायला लावावी लागते. त्याचा मार्ग एकच: ट्रिगर दाबला आणि काहीच वाईट झालं नाही, हे त्याला शेकडो वेळा दाखवायचं. थ्री-नॉट-थ्रीवर ते कसं दाखवणार? तिथं प्रत्येक गोळी ती गाठ आणखी पक्की करते. वीस गोळ्यांनंतर खांदा ठणकतो, कान वाजतात आणि एकविसावी गोळी मारताना तुम्ही फ्लिंच शिकत असता, नेम नाही.

कानाचंही सांगितलं पाहिजे. पुष्कळांना खांद्यापेक्षा आवाजाची धास्ती जास्त असते आणि त्यांना स्वतःला ते कळत नाही. आमच्या वेळी कानात कापसाचे बोळे घालायचो, ते पुरेसं नव्हतं. आज चांगले इअरप्लग आणि वरून इअरमफ, दोन्ही लावून मोठी रायफल चालवली तर निम्मा फ्लिंच तिथंच जातो, असा माझा अनुभव आहे. ऐकू येण्याची शक्ती एकदा गेली की परत येत नाही, हे वेगळंच.

हलक्या रायफलीवर शिकवायची कल्पना नवी नाही. 1899 ते 1902 च्या बोअर युद्धात दक्षिण आफ्रिकेतल्या शेतकऱ्यांच्या अचूक नेमानं ब्रिटिश फौजेला चांगलंच पोळलं. त्यानंतर ब्रिटनमध्ये गावोगाव छोट्या रायफलींचे क्लब निघाले, लॉर्ड रॉबर्ट्ससारख्या सेनापतीनं त्यांचा पाठपुरावा केला. लष्करानंही आपल्या ली-एन्फील्ड रायफलीचा सांगाडा तसाच ठेवून नळी पॉइंट टू-टूची केली. वजन तेच, काडतूस आत ढकलणारा बोल्ट तोच, साइट त्याच, फक्त धक्का गेला. आपल्याकडे एनसीसीत पिढ्यान्‌पिढ्या कॅडेटांनी वापरलेली पॉइंट टू-टूची मार्क 4 रायफल ही त्याच घराण्यातली. वर्षभर मी जिला ‘छोटी रायफल’ समजत होतो ती खरं तर थ्री-नॉट-थ्रीच होती, माझ्या खांद्याला सोसेल अशी. हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर तिच्याकडे मी जास्त आदरानं पाहिलं असतं.

आणि तो आदर तिला मिळायलाच हवा. पॉइंट टू-टू सोपी असते हे खरं नाही. धक्का नसल्यामुळे चुकीवर पांघरूण घालायला काही उरत नाही. मोठ्या रायफलीवर गोळी बाहेर गेली की ‘धक्का जोरात बसला’ म्हणता येतं. पॉइंट टू-टूवर ते म्हणता येत नाही. शिवाय तिची गोळी सावकाश आहे. ती नळीत जास्त वेळ रेंगाळते. ट्रिगर सुटताक्षणी तुम्ही डोकं उचललंत, टार्गेट पाहायची घाई केलीत, की त्याची खूण भोकात उमटते. म्हणून गोळी सुटल्यावरही क्षणभर तसंच राहायचं, माशीकडे पाहत राहायचं. रेंजवर याला फॉलो-थ्रू म्हणतात आणि तो हलक्या रायफलीवरच अंगवळणी पडतो. एअर रायफल तर त्याहूनही कडक मास्तर आहे. 10 मीटरच्या टार्गेटवर दहा गुणांचा टिंब अर्ध्या मिलिमीटरचा असतो, पेनाचं टोक टेकवल्यावर उमटतो तेवढा.

2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) 451.4 गुण करून ब्राँझपदक आणलं, ते पॉइंट टू-टूवरच. 1952 साली हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी मिळवलेल्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतनं 2010 मध्ये म्युनिकला जागतिक विजेतेपद मिळवलं ते 50 मीटर प्रोनमध्ये (झोपून), तीही पॉइंट टू-टूच. अंजली भागवतची सुरुवात मुंबईत कॉलेजच्या एनसीसीतून झाली. अभिनव बिंद्रानं 2008 मध्ये बीजिंगला सोनं जिंकलं ते एअर रायफलवर, आणि त्याचा शेवटचा शॉट होता 10.8 गुणांचा. या सगळ्या मंडळींनी ज्या रायफलींवर नाव कमावलं त्यांत धक्का नावालाच असतो. तरीही या पातळीचे नेमबाज रोज काही काळ गोळी न भरता ट्रिगर दाबण्याचा सराव करतात. धक्का नसलेल्या रायफलीचाही उरलासुरला परिणाम काढून टाकून नुसता स्वतःचा हात पाहण्यासाठी.

त्या सरावाला ड्राय प्रॅक्टिस म्हणतात. तो फुकट आहे आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा. उस्तादांनी मला त्या दिवशी तोच लावला. आडवं पडायचं, रायफल धरायची, आणि शेजारच्या कॅडेटनं नळीवर, माशीच्या जरा मागे, एक नाणं ठेवायचं. मग ट्रिगर. नाणं पडलं की परत पहिल्यापासून. पहिल्या दिवशी माझं नाणं दहापैकी आठदा पडलं. तळपायाला मुंग्या येईपर्यंत आम्ही ते करत होतो. काय बदललं ते मला नीट आठवतं: आधी मी ट्रिगर ‘मारत’ होतो. त्या रायफलीचा ट्रिगर दोन टप्प्यांचा असतो. पहिला दाब सैल येतो, मग तो अडतो. तिथून पुढे दुसरा दाब इतका हळू वाढवायचा की घोडा कधी पडेल हे आपल्यालाही कळू नये. कळलं नाही की शरीराला आधी आवळायला मुहूर्तच सापडत नाही. फ्लिंचवरचं सगळ्यात साधं औषध हे आहे.

ड्राय प्रॅक्टिस करणाऱ्यांना हात जोडून सांगतो: त्या खोलीत एकही काडतूस असता कामा नये. बोल्ट उघडून चेंबर (काडतूस बसतं ती नळीची मागची जागा) डोळ्यांनी पाहायचं, मग बोटानं चाचपायचं, आणि तरीही नळी पक्क्या भिंतीकडेच ठेवायची. सराव संपला म्हणजे संपला, ‘अजून एकदा’ म्हणून पुन्हा उचलायची नाही. अपघात त्या ‘अजून एकदा’तच होतात. दुसरं, पॉइंट टू-टूचं काडतूस कडेवर ठोका पडून पेटतं, त्यामुळे रिकाम्या चेंबरवर ट्रिगर दाबत राहिलं तर ठोका देणारी पिन चेंबरच्या कडेवर आपटून ती कड खराब होऊ शकते. त्यासाठी नकली काडतूस मिळतं, ते वापरावं. मॅचच्या एअर रायफलींना बहुधा ड्राय फायरची सोय असतेच. पॉइंट टू-टूला परवाना लागतो, तेव्हा नवख्यानं आपल्या जिल्ह्याच्या रायफल क्लबात जाऊन एअर रायफलपासून सुरुवात करणं सगळ्यात सरळ.

गोळी भरून सराव सुरू झाला की मी शिकणाऱ्यांना एक सवय लावतो. गोळी सुटली की टार्गेट बघायच्या आधी तोंडानं सांगायचं, ती कुठं लागली असेल: ‘तीन वाजता, नऊमध्ये’ (घड्याळात तीन असतात त्या बाजूला, नऊ गुणांच्या वर्तुळात). रेंजवर याला कॉल करणं म्हणतात. सांगता येतं म्हणजे घोडा पडला त्या क्षणी तुमचे डोळे उघडे होते आणि माशी कुठं होती ते तुम्ही पाहिलंत. सांगता येत नसेल तर तुम्ही डोळे मिटलेत, मग स्वतःला कितीही शपथेवर वाटो की उघडे होते. पॉइंट टू-टूवर पाचपैकी चार कॉल बरोबर यायला लागले की मगच मोठ्या रायफलीला हात लावावा. आणि लावल्यावरही थोडाच. मी वीस-पंचवीस गोळ्या पॉइंट टू-टूच्या, मग पाच मोठ्या, मग लगेच परत पॉइंट टू-टू, असं करायला सांगतो. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मोठ्या रायफलीनंतर छोटीवर आलेला ग्रुप पसरला असेल तर समजावं, धास्ती परत आली आहे आणि आजचा दिवस आटोपता घ्यायला हवा.

मोठ्या पाचांतही एक-दोन ड्रिल काडतुसं मिसळावीत, आणि ती भरणारा दुसराच कुणी असावा. लाजिरवाणं वाटतं, पण नळी खाली गेलेली स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कुणाचा विश्वास बसत नाही. माझाही बसला नसता.

हलक्या रायफलीवर सगळंच शिकता येतं असं मात्र नाही. तिच्यावर बट सैल धरली तरी काही बिघडत नाही, म्हणून ती सैल धरायची सवय लागते, आणि मोठ्या रायफलीवर तीच सवय खांदा फोडते. तेव्हा धरायची पद्धत दोन्हीकडे एकच ठेवावी, जणू छोटीचाही दणका बसणार आहे. दूरच्या अंतरावर वारा गोळीला किती नेतो, धक्क्यानंतर रायफल पुन्हा त्याच जागी कशी आणायची, पटापट बोल्ट कसा ओढायचा, हे मोठ्या रायफलीवरच कळतं. खांद्यालाही थोडी ओळख व्हावी लागते. पण ती ओळख ट्रिगर सुधारल्यानंतर व्हावी, आधी नाही. आमच्याकडे क्रम उलटा झाला की पोरं वर्षानुवर्षं खाली गोळ्या मारत राहतात आणि साइट वर करून करून थकतात. साइटचा काही दोष नसतो.

त्या कॅम्पात मी दोन दिवस नाणं आणि पॉइंट टू-टू एवढंच केलं. तिसऱ्या दिवशी उस्तादांनी थ्री-नॉट-थ्रीच्या पाच गोळ्या दिल्या, मधेमधे किती ड्रिल काडतुसं होती ते त्यांनाच ठाऊक. एकदा ‘टक्’ झालं आणि माशी जिथल्या तिथं राहिली. रेंजच्या टोकाकडून टार्गेट आणायला पोरगा पळाला तेव्हा मी त्यांना म्हणालो, ‘चार ठीक आहेत उस्ताद, तिसरी उजवीकडे गेलीय, खाली.’ टार्गेट आलं. चार भोकं माझ्या तळहातात मावत होती, आणि पाचवं उजवीकडे, खाली होतं.